ल्योंचे त्राबूल : कुठलं दार ढकलायचं?

ल्यों शहरात नुसतं रस्त्याने फिरलं तर निम्मं गाव बघायचं राहून जातं, कारण ते बंद दारांमागे आहे. रंग उडालेलं लाकडी दार, शेजारी बेलची बटणं, आत पत्रपेट्यांची रांग. बाहेरून पाहिलं तर कोणाचं तरी राहतं घर. तेच दार ढकललं की काळोखा बोळ लागतो, बोळातून चौक, चौकातून दुसरा बोळ, आणि पलीकडच्या दारातून माणूस भलत्याच रस्त्यावर निघतो. या वाटांना इथे त्राबूल म्हणतात. शहरात असे चारशेहून अधिक त्राबूल आहेत असं सांगितलं जातं, पण लोकांसाठी खुले असलेले काही डझनच. म्हणून इथल्या भटकंतीची तयारी करायची ती दारांची. कुठलं दार ढकलायचं आणि ते कधी उघडतं, हे कळलं की बाकी सगळं सोपं आहे.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने ल्योंच्या पार-द्यू स्टेशनला यायला साधारण दोन तास लागतात. तिथून मेट्रो. मुक्काम शक्यतो दोन नद्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यात, म्हणजे प्रेस्कीलमध्ये करावा. जुन्या गावातल्या खोल्या देखण्या असतात, पण गोल जिन्याने तिसऱ्या मजल्यावर बॅग चढवताना सगळी हौस फिटते. शिवाय तिथले रस्ते नदीतल्या गोट्यांचे आहेत, चाकाच्या बॅगेची चाकं त्यावर टिकत नाहीत. बूट जाड तळव्याचेच हवेत.

पहिला दिवस : सें-जां

मेट्रोच्या डी लाइनवर 'व्ह्यो ल्यों' स्टेशनला उतरलं की जुनं गाव समोरच. सकाळी साडेआठला रिमझिम होती, दुकानं बंद, रस्ता धुतलेला. हीच वेळ उत्तम. पर्यटक दहानंतर येतात, आणि सकाळी पोस्टमन, कचऱ्याचे डबे आत नेणारे, शाळेला निघालेली मुलं अशी ये-जा असल्यामुळे दारं सहज उघडी मिळतात. बहुतेक खुले त्राबूल संध्याकाळी सातच्या सुमारास बंद होतात. त्यानंतर रहिवाशांच्या कोडशिवाय दार उघडत नाही.

या वाटा इथे का झाल्या, ते नकाशा हातात घेतला की लगेच कळतं. एका बाजूला सोन नदी, दुसऱ्या बाजूला फूर्व्हिएरची उभी टेकडी, मध्ये जेमतेम दोन-तीन रस्त्यांची जागा. रस्ते सगळे नदीला समांतर, आडवे रस्ते फारच कमी. घरांचे भूखंड तोंडाला अरुंद आणि मागे लांबच लांब. पुढचं घर रस्त्यावर, मागचं घर मागच्या रस्त्यावर, मध्ये उजेडासाठी आणि पाण्याच्या आडासाठी चौक. पुण्याच्या पेठांतले दोन वाडे पाठीला पाठ लावून उभे करावेत आणि चौकातून चौकात जायची वाट ठेवावी, तशी ही रचना. नदीवर जायला वळसा घालण्यापेक्षा शेजाऱ्याच्या घरातून जाणं सोपं, आणि ती सोय पुढे कायमची होऊन बसली. रेशीम भिजू नये म्हणून त्राबूल बांधले, असं बरेच गाइड सरसकट सांगतात. इथल्या वाटांना ते लागू पडत नाही. यातली बरीच घरं पंधराव्या-सोळाव्या शतकातली, बँकर आणि व्यापाऱ्यांची आहेत. रेशमाची गोष्ट दुसऱ्या टेकडीची, ती उद्या.

दार उघडायची पद्धत अशी. खुल्या त्राबूलच्या दाराशेजारी बहुधा छोटी माहितीची पाटी असते. पाटी असेल तर आधी दार नुसतं ढकलून बघा, बरीच दारं फक्त लोटलेली असतात. नाही उघडलं तर कोडच्या आकड्यांच्या फलकावर एक वेगळं, आकडा नसलेलं बटण असतं. दिवसा ते दाबलं की कुलूप खट्‌कन सुटतं. नावांसमोरची बटणं मात्र दाबायची नाहीत, ती लोकांच्या घरातल्या बेल आहेत. आत शिरल्यावर दार मागे आपोआप बंद होतं. घाबरायचं कारण नाही. आतल्या भिंतीवर दारापाशी बाहेर पडायचं बटण असतं, बहुतेक ठिकाणी त्यावर 'पोर्त' म्हणजे 'दार' असं लिहिलेलं असतं. पलीकडचं दार बंदच निघालं तर मुकाट्याने आल्या वाटेने परत फिरावं.

बोळात दिवा नसतो असं वाटतं, पण भिंतीवर मिणमिणता ठिपका असलेलं बटण शोधा. ते दाबलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. लांब बोळात मध्येच अंधार होतो तो यामुळे. पुढचं बटण दिसेपर्यंत मोबाइलची बॅटरी हाताशी असू द्यावी, कारण मध्येच एखादी पायरी असते आणि ती झिजून उतरती झालेली असते.

सुरुवात करावी ती सगळ्यात लांब त्राबूलपासून. रू म्हणजे रस्ता. रू सें-जांवरच्या ५४ नंबरच्या दारातून आत शिरायचं आणि रू द्यू बफवर २७ नंबरला बाहेर यायचं. न थांबता चाललं तर दोन-तीन मिनिटांची वाट. पण थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्या बोळाचं छत बुटकं, त्यातून एकदम उघडा चौक, वर चार मजले आणि आभाळाचा चौकोन. मग पुन्हा बोळ. प्रत्येक चौकाचा रंग निराळा, एक पिवळसर, एक गेरूसारखा. डोक्यावरच्या कमानींच्या दगडी फासळ्या भिंतीत जिथे उतरतात तिथे कोरीव टेकू आहेत, ते मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत. मोबाइलचा नकाशा इथे कामाचा नाही. खोल चौकात लोकेशन इकडेतिकडे उडतं आणि नकाशाला ही वाट ठाऊकही नसते. घर नंबर कागदावर लिहून आणले तर बरं.

एका चौकात दुसऱ्या मजल्याच्या सज्जात एक बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. खालून 'बोंजूर' म्हटल्यावर त्यांनी हसून बोटानेच पुढचा बोळ दाखवला आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. इथे हा एकच नियम आहे. त्राबूल खासगी मालकीचे आहेत. नगरपालिकेचा घरमालकांशी करार असतो : दिवसा दार उघडं ठेवायचं, त्या बदल्यात दिवाबत्ती, सफाई आणि डागडुजीच्या खर्चात पालिका वाटा उचलते. चौकातला आवाज भिंतींवर आपटून वरच्या प्रत्येक खिडकीत जातो. चाळीस जणांचा घोळका आणि माइकवाला गाइड आत शिरला की वरच्या माणसाचं काय होत असेल, ते सांगायला नको. काही घरमालकांनी दारं पुन्हा बंद केली, तर त्यांना दोष देता येत नाही.

रू द्यू बफवर निघालं की १६ नंबरच्या चौकात गुलाबी मनोरा आहे. ही आरपार वाट नाही, आत जाऊन बघायचा चौक आहे, अशांना इथे मिराबूल म्हणतात. मनोरा म्हणजे खरं तर जिना. घरापेक्षा उंच गोल बुरूज, त्यात चक्री जिना. जिना जितका उंच तितका मालक मोठा, असा त्या काळचा हिशोब. याच रस्त्याच्या कोपऱ्यावर भिंतीत दगडी बैल बसवला आहे, रस्त्याचं नाव तो विसरू देत नाही.

नदीकडे परत जायला आणखी दोन वाटा वापराव्यात. रू सें-जां २७ मधून रू दे त्र्वा मारी ६ ला निघता येतं. आणि प्लास द्यू गुव्हेर्नमां २ मधून आत गेलं की के रोमां रोलां १० ला, थेट सोन नदीच्या काठावर. शेवटचं दार उघडल्यावर अंधारातून एकदम नदीचा उजेड डोळ्यांवर येतो. तोवर पाऊस थांबला होता आणि पलीकडच्या काठावर बाजार भरला होता.

हे सगळं उभं आहे ते थोडक्यात वाचलं म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर ही वस्ती ओल धरलेली, गर्दीची, गरिबांची झाली होती आणि तिच्यातून मोठा रस्ता काढायचा बेत महापौर लुई प्रादेल यांच्या काळात होता. नागरिकांनी तो हाणून पाडला. १९६२ च्या माल्रो कायद्याखाली १९६४ साली व्ह्यो ल्यों हा फ्रान्समधला पहिला संरक्षित विभाग झाला. १९९८ साली युनेस्कोने जुन्या ल्योंला जागतिक वारशात घेतलं, त्यात उद्याची क्रुआ-रूस टेकडीची उतरणही आली.

जेवणाचं. इथल्या पारंपरिक खाणावळींना बुशों म्हणतात. दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. दुपारी अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि विनवण्या करून उपयोग नसतो. रविवार-सोमवार बरेच बंद. मांसाहाऱ्यांनी पाइक माशाचं केनेल घ्यावं. माशाचा गर, अंडी, लोणी यांचा लांबट मऊ गोळा, वर नदीतल्या कोळंबीवजा क्रेफिशचा सॉस. भट्टीतून येतो तेव्हा फुगलेला असतो, पाच मिनिटांत बसतो, म्हणून फोटो नंतर. शाकाहारी माणसाची पंचाईत होते खरी, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. केनेल 'नातूर' म्हणजे मासा न घातलेला, रवा-लोणी-अंड्यांचा प्रकार मिळतो, फक्त सॉस कशाचा ते विचारून घ्यावं. 'सर्व्हेल द कान्यू' म्हणजे 'विणकराचा मेंदू', पण नावाला घाबरू नये. ते ताजं चीज, त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, चाइव्हची पात, लसूण, तेल, व्हिनेगर. ब्रेडला लावून खातात. चक्का खाणाऱ्या माणसाला ते परकं वाटत नाही. 'सालाद ल्योनेझ' मात्र नुसतं सॅलड नव्हे, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. पाणी मागताना 'करफ दो' म्हणावं, नळाच्या पाण्याचा जग फुकट येतो. वाइनची इथली जाड बुडाची बाटली ४६ सेंटिलिटरची. गोडात गुलाबी साखरेत घोळवलेल्या बदामांचा टार्ट. दोघांत एक पुरतो.

दुसरा दिवस : क्रुआ-रूस, वरून खाली

ही टेकडी चालत चढायची नाही. ओतेल द व्हील स्टेशनवर मेट्रोची सी लाइन पकडा. ही दातेरी रुळांची मेट्रो आहे, क्रुआ-पाके स्टेशनजवळ चढ इतका की उभ्याने दांडी धरावी लागते. क्रुआ-रूसला वर उतरायचं आणि त्राबूलमधून खाली यायचं. उलट केलं तर दिवस जिन्यांतच जातो आणि गुडघे बोलू लागतात.

वर चौकात नक्षी विणणाऱ्या मागाचा शोध लावणाऱ्या जॅकार्डचा पुतळा आहे. बुलेव्हारवर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. भाजी, चीज, भाजलेल्या कोंबड्यांचा वास. चेरी आणि ब्रेड पिशवीत टाकून घ्यावं, खाली उतरताना बसायला जागा पुष्कळ मिळतात. बुलेव्हारच्या पूर्व टोकाला 'ग्रो कायू' नावाचा भला मोठा करडा धोंडा आहे. आल्प्समधून हिमनदीने वाहून आणलेला, फ्युनिक्युलरचा, म्हणजे दोराने टेकडी चढणाऱ्या रेल्वेचा, बोगदा खणताना सापडला. तिथून ऱ्होन नदीचं खोरं दिसतं, आणि हवा स्वच्छ असेल तर आल्प्सही.

त्राबूलमध्ये शिरण्याआधी रू दिव्रीवरच्या मेझों दे कान्यूमध्ये माग चालताना बघावा, म्हणजे खालच्या इमारती वाचता येतात. कान्यू म्हणजे इथले रेशमाचे विणकर. ल्योंला रेशमाचा परवाना राजा पहिल्या फ्रान्स्वाने १५३६ साली दिला, पण ही टेकडी विणकरांची झाली ती एकोणिसाव्या शतकात, जॅकार्डच्या मागामुळे.

प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या बाईंनी माग अगदी सावकाश चालवला. डोक्यावर, मागाच्या माथ्यावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची दोऱ्याने ओवलेली माळ. पायाखालची पट्टी एकदा दाबली की एक पुठ्ठा पुढे सरकतो आणि सुयांच्या रांगेवर टेकतो. जिथे भोक आहे तिथे सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि वर उचलला जातो. त्याच्याबरोबर ताण्याचा तो धागा वर येतो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा पात्यावरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा जातो. एक पुठ्ठा, बाण्याचा एक धागा. फुलापानांच्या मोठ्या नक्षीला असे हजारो पुठ्ठे. पूर्वी हे धागे उचलायला मागाशेजारी दोऱ्या ओढणारा वेगळा माणूस, बहुधा पोर, लागायचं. सोलापुरी चादरीवरची मोरांची, फुलांची नक्षी उठते ती याच जॅकार्ड पद्धतीने.

आता महत्त्वाची गोष्ट उंचीची. यंत्रणा माथ्यावर असल्यामुळे मागाला जवळपास चार मीटर उंची लागते. जुन्या गावातल्या बुटक्या खोल्यांत तो मावेना. फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त झालेल्या मठांच्या जमिनी या उतरणीवर मोकळ्या होत्या, तिथे विणकरांसाठी मुद्दाम उंच छतांच्या इमारती उठल्या. सलग साध्या भिंती, नक्षी नाही, लांबट खिडक्यांच्या रांगा, कारण रेशमाचा रंग पारखायला उजेड हवा. आत खोलीच्या एका कोपऱ्यात पोटमाळा, त्यावर सगळं कुटुंब झोपायचं. खाली माग. आज त्या उंच खोल्या हौशी लोक चढ्या भावाने घेतात.

इथले त्राबूल सें-जांसारखे नटवे नाहीत. जिने रुंद, सरळ, खरखरीत दगडाचे. उतार इतका की एका रस्त्यावरून तळमजल्यावर शिरलेला माणूस दोन जिने उतरतो आणि पलीकडच्या रस्त्यावर पुन्हा तळमजल्यावरच बाहेर येतो. विणकर तयार कापडाचे तागे पाठीवर घेऊन खाली व्यापाऱ्यांकडे याच वाटांनी जायचे. वळणावळणाच्या रस्त्याने जाण्यापेक्षा हे सोपं, आणि पावसात माल कोरडा. रेशमाची ती गोष्ट इथे खरी शोभते.

उतरायची वाट अशी. प्लास कोल्बेरवर ९ नंबरच्या दारातून आत. ही कूर दे व्होरास, १८४० च्या सुमाराची. सहा मजल्यांचा उघडा दगडी जिना चौकाच्या मधोमध उभा आहे, दोन्ही बाजूंनी पायऱ्या, मध्ये सज्जे. फोटोत तो मावत नाही, चौकाच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन जमिनीलगत कॅमेरा धरला तरच जमतो. दहाच्या आत गेलात तर एकटे असता. 'व्होरास' हा १८४८ च्या सुमाराचा विणकरांचा लढाऊ गट. या चौकाला दुसरं दार मोंते (म्हणजे चढाचा रस्ता) सें-सेबास्तियांवर १४ बिस नंबरला आहे. बिस म्हणजे आपल्याकडचा १४ अ. आपण मात्र खालच्या दाराने रू अँबेर-कोलोमेस २९ ला निघायचं.

तिथून त्याच रस्त्यावर २० नंबरचं दार. आत सायकली, कचऱ्याचे डबे, भिंतीवर रंगवलेली चित्रं. दोन जिने उतरून रू दे ताब्ल क्लोदिएन ५५. इथे उजवीकडे वळून पाच मिनिटं बाजूला गेलं तर 'तीन गॉल' या रोमन प्रांतांच्या अँफिथिएटरचे, म्हणजे उघड्या गोल क्रीडागाराचे, अवशेष दिसतात. इसवी सन १७७ मध्ये ब्लांदीन आणि इतर ख्रिस्ती हुतात्मे जिथे मारले गेले असं मानतात, ती ही जागा. कुंपणाबाहेरूनही पुरेसं दिसतं. परत येऊन रू पूतो नावाच्या जिन्याने खाली रू बुर्दोवर उतरायचं. ३० नंबरला पासाज तियाफे. दोन बाजूंनी वळत उतरणारा दुहेरी जिना, खाली तरुण डिझायनरांची छोटी दुकानं. शेवटी रू रने लेनो १९. एवढ्याला, रमतगमत, दीड तास धरावा.

खाली रू सें-पोलिकार्पवर ७ नंबरची इमारत चुकवू नये. हिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. दारावर सिंहाचं डोकं आणि तुतीची पानं. ही रेशमाची 'कोंदिस्यों', १८०५ साली सरकारी झालेली. रेशीम हवेतली ओल शोषतं आणि वजनावर विकलं जातं, म्हणजे ओल्या रेशमात पाण्याचे पैसे रेशमाच्या भावाने द्यावे लागणार. म्हणून नमुना इथे आणायचा, पूर्ण सुकवून वजन करायचं आणि ठरलेली ११ टक्के ओल धरून व्यापारी वजन ठरवायचं. आज तिथे वाचनालय आहे, आत जाता येतं.

१८३१ च्या ऑक्टोबरात विणकामाच्या किमान मजुरीचा दरतक्ता ठरला. बऱ्याच व्यापाऱ्यांनी तो धुडकावला. २१ नोव्हेंबरला विणकर ग्रांद कोतच्या उतारावरून खाली आले. काळ्या निशाणावर 'काम करून जगू, नाहीतर लढून मरू' अशा अर्थाची ओळ होती. काही दिवस शहर त्यांच्या हातात होतं, मग डिसेंबरच्या सुरुवातीला सैन्य आलं आणि दरतक्ता रद्द झाला. एप्रिल १८३४ चा उठाव तर रक्तात बुडवला गेला. नाझींच्या ताब्यातल्या ल्योंमध्ये प्रतिकार चळवळीच्या निरोप्यांनाही या आरपार वाटांचा उपयोग झाला. गस्तीला दोन्ही दारं ठाऊक असतीलच असं नाही. गाइड प्रत्येक चौकात एकेक पाठलाग रंगवतात, त्यातलं निम्मं सोडून द्यावं. या विषयाचं चांगलं संग्रहालय आव्हेन्यू बेर्तलोवर आहे, जिथे गेस्टापोचं ठाणं होतं त्याच इमारतीत.

तिसरा दिवस : सें-पोल, जिने आणि सें-जॉर्ज

आज ऊन कडक होतं. उन्हाळ्यात ल्यों चांगलं तापतं आणि बोळांची खरी किंमत तेव्हा कळते, बाहेर पस्तीस अंश असताना आत दगड गार.

सें-पोल भागात रू ज्विव्हरी ८, ओतेल (म्हणजे इथे हवेली) द ब्युल्यू. आतल्या दुसऱ्या चौकात फिलिबेर देलोर्मने १५३६ साली बांधलेला सज्जा. रोमहून नुकताच परतलेला हा तरुण, पुढे राजाचा वास्तुशिल्पी झाला. काम होतं दोन इमारती वरच्या मजल्यावर जोडायचं, चौकाची जागा न खाता. त्याने दोन्ही कोपऱ्यांत दगड शिंपल्यासारखे एकावर एक पुढे काढत नेले आणि त्यांवर सज्जा तोलला. खाली एकही खांब नाही. उभं राहून त्या कोपऱ्यांतले सांधे निरखावेत, प्रत्येक दगड निराळ्या आकाराचा कापलेला आहे. याच रस्त्यावर टेकडीच्या बाजूला र्वेल प्युनेझ नावाची जेमतेम अंगापुरती गल्ली आहे, मध्ययुगातलं उघडं गटार. ल्योंच्या बोळांचा वास सगळ्या काळात ब्रेडचा नव्हता.

गादान्य संग्रहालयात शहराचा इतिहास आणि बाहुल्या दोन्ही एका वाड्यात आहेत. गिन्योल ही इथली बाहुली लोराँ मुर्गे याने १८०८ च्या सुमारास उभी केली. मुर्गे दात काढायचा धंदा करायचा आणि गिऱ्हाइकांचं लक्ष बाहुल्यांकडे वळवायचा.

मग चढ. मोंते दे शाझो आणि मोंते द्यू गारियां, दोन्ही सव्वादोनशे पायऱ्यांच्या आसपास. शाझो सरळसोट, दम काढणारा. गारियां नागमोडी, दर वळणावर कठडा, छपरांचं दृश्य. गारियांच निवडावा. वर बागेतून फूर्व्हिएरच्या बॅसिलिकापर्यंत जाता येतं. गुडघ्यांची तक्रार असेल तर व्ह्यो ल्यों स्टेशनवरून फ्युनिक्युलरने वर जावं आणि हे जिने उतरावेत.

सें-जॉर्ज हा दक्षिणेचा तुकडा, दुकानं कमी आणि वस्ती जास्त. प्लास द ला त्रिनिते या चौकातून मोंते द्यू गुर्गियों वर जाते. हा जुन्या शहराचा मुख्य चढ. १३०५ साली पोप पाचव्या क्लेमेंटच्या राज्याभिषेकाची मिरवणूक या उतारावर असताना गर्दीच्या भाराने भिंत कोसळली, पोप घोड्यावरून पडला आणि ब्रिटनीचा ड्यूक दुसरा जां जखमी होऊन काही दिवसांत मेला. आज इथे मांजरं सोडून गर्दी नाही. थोडं वर गेलं की आँपास त्युर्के ही बंद गल्ली, लाकडी सज्ज्यांची. दगडी ल्योंमध्ये असं लाकूड आता क्वचितच उरलं आहे. गल्लीला नाव एतियेन त्युर्केचं, १५३६ चा रेशमाचा परवाना मिळवणाऱ्या व्यापाऱ्याचं.

संध्याकाळी हाताशी तास असेल तर प्रेस्कीलमधल्या पासाज द लार्ग्यूमधून एक फेरी मारावी. हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला काचेच्या छताचा दुकानांचा बोळ. टोप्या, चाकू, दाढीचे ब्रश. इथे कोणी ओठांवर बोट ठेवत नाही.

जायचं कधी? एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. ८ डिसेंबरच्या आसपास दीपोत्सव असतो, तेव्हा शहर सुंदर दिसतं, पण हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात आणि गर्दीपायी बरेच त्राबूल बंद ठेवतात. त्या आठवड्यात दिव्यांसाठी जावं, दारांसाठी नव्हे. पर्यटन कार्यालय बेलकूर चौकात आहे. खुल्या त्राबूलच्या घर नंबरांचा नकाशा तिथे मागून घ्यावा आणि ज्यांना बंद दारंही बघायची असतील त्यांनी तिथेच पायी सहलीची चौकशी करावी.